छातीतली जळजळ

वैशाखातील रात्र आहे. रायपुरातील तात्यापाऱ्यात एका घराच्या ओसरीवर घरचे यजमान येरझारा घालीत आहेत. दिवसभर तापलेल्या भिंती आता कोठे निवू लागल्या आहेत. परंतु यजमानांच्या छातीत मात्र आग पेटली आहे. संध्याकाळी आप्तांकडे लग्नाचे जेवण झाले. पंगतीत नागपुरी पद्धतीचा गोळाभात होता, त्यावर हिंगाच्या फोडणीचे कढत तेल होते, तुपात बुडविलेली पुरणपोळी होती आणि आग्रह तर होताच होता. घरी आल्यावर त्यांनी अंग टाकले आणि अर्ध्या तासात छातीच्या हाडामागून एक जळती रेघ गळ्यापर्यंत चढत गेली. तोंडाला आंबट पाणी सुटले. पत्नी खाण्याचा सोडा घेऊन आली, आईने आमसूल पुढे केले, शेजाऱ्यांनी थंड दुधाचा पेला सुचविला. "पित्त झालंय," असा निर्णय सर्वानुमते झाला आणि घर झोपी गेले. यजमान मात्र ओसरीवर फेऱ्या मारीत राहिले.

हे यजमान कोणी एक गृहस्थ नव्हेत. ज्याच्या छातीत कधीच जळजळ झाली नाही असा प्रौढ माणूस विरळा. या अनुभवात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही, आणि म्हणूनच त्याचा कोणी फारसा विचारही करीत नाही. तथापि ही आग नेमकी कशाची, ती का पेटते, कशाने विझते आणि कोणत्या वेळी ती आग नसून निराळ्याच संकटाची खूण असते, हे प्रत्येक घराला ठाऊक असले पाहिजे.

रायपूर आणि मराठी माणूस यांचा संबंध जुना आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडात आली. १७५८ मध्ये बिंबाजी भोसले रतनपुरास येऊन राहिले, आणि त्यानंतर कारकुनी, जमीनमहसूल, वकिली, शिक्षण अशा नाना निमित्तांनी मराठी कुटुंबे या प्रांतात स्थिरावली. नागपूर येथून रेल्वेने सुमारे ३०० किलोमीटरवर आहे. त्यामुळे या घरांतील स्वयंपाकघरात दोन परंपरा नांदतात. गोळाभात आणि पाटवडी तिकडून आली. फरा, चिला, ठेठरी, खुरमी इकडची. तिकडचा पोळा इकडे पोरा होतो आणि त्या दिवशी बेसनाची ठेठरी व गोड खुरमी तळली जाते. कढईतल्या तेलाला प्रांतभेद नसतो, तसाच तो जठरालाही नसतो.

प्रथम नावाचा घोळ दूर केला पाहिजे. मराठीत 'पित्त' हा शब्द फार उदार आहे. डोके दुखले तरी पित्त, मळमळले तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, आणि छातीत जळले तरी पित्तच. आधुनिक शरीरशास्त्रात पित्त हा यकृतात तयार होणारा कडू, हिरवट-पिवळा रस होय. तो स्निग्ध पदार्थ पचविण्यास मदत करतो. छातीत जळते ते बहुधा या रसाने नव्हे, तर जठरातील आम्लाने. १८२४ मध्ये विल्यम प्राउट या इंग्रज वैद्याने जठररसातील आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लच होय, असे दाखवून दिले. खनिजांच्या कारखान्यात वापरतात ते तीव्र द्रव्य माणसाच्या पोटात रोज तयार होते, ही गोष्ट त्या काळी अनेकांना पटेना.

आपल्या वैद्यकास ही व्याधी अपरिचित नव्हती. माधवनिदानात अम्लपित्तावर स्वतंत्र प्रकरण आहे. वर चढणारे ते ऊर्ध्वग आणि खाली जाणारे ते अधोग, असे त्याचे दोन भेद तेथे सांगितले आहेत. काश्यपसंहितेतही या व्याधीचे वर्णन आहे, आणि ती आनूप देशात, म्हणजे पाणथळ, दमट मुलखात अधिक आढळते, असा विचार त्यात मांडलेला आहे. छत्तीसगडासारख्या भातशेतीच्या प्रदेशातील वाचकाला हे वाक्य क्षणभर थांबविल्यावाचून राहणार नाही. तथापि व्याधीचा सगळा दोष हवापाण्याच्या माथी मारून माणसाला मोकळे होता येणार नाही. तिचे कारण बहुधा ताटात आणि अंथरुणात सापडते.

जठराच्या आत काय चालते हे माणसाने प्रत्यक्ष पाहिले ते एका अपघातामुळे. १८२२ मध्ये अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या एका तरुण कॅनडियन मजुराच्या पोटात जवळून सुटलेल्या बंदुकीचा बार घुसला. सैन्यातील डॉक्टर विल्यम ब्यूमाँट याने त्याला वाचविले. परंतु जखम भरली ती अशी, की जठरात उघडणारे एक भोक कायमचे राहिले. ब्यूमाँटने रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडले, ठरावीक वेळाने बाहेर काढले आणि पचनाची टिपणे ठेवली. ती १८३३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पचन ही केवळ घुसळण किंवा कुजण्याची क्रिया नसून रासायनिक क्रिया आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. मनुष्य रागावला की जठराच्या कामात व्यत्यय येतो, हेही ब्यूमाँटच्या नजरेतून सुटले नाही. जेवताना भांडू नये, ही घराघरांतील आज्ञा काही केवळ शिष्टाचाराची नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. हे आम्ल रोज पोटात असते, मग ते रोज का जाळीत नाही? जठराच्या आतल्या अंगाला श्लेष्म्याचा दाट लेप असतो. त्यामुळे ते स्वतःच्या आम्लाने भाजत नाही. अन्ननलिकेला मात्र असे कवच नाही. ही नळी सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची असून ती छातीतून खाली उतरते, छाती व पोट यांमधील स्नायूंच्या पडद्यातून पार होते आणि जठराला मिळते. या संगमावर स्नायूंचे एक कडे आहे. घास आला की ते सैल होते, घास गेला की आवळते. हे कडे म्हणजे घराच्या दाराला लावलेला आतला अडसर. तो नीट बसला तर आम्ल जठरात राहते. ढिला पडला तर आम्ल उलट्या दिशेने चढते आणि कवच नसलेल्या नळीला भाजते. छातीतली जळजळ ती हीच. म्हणजे बहुतेक वेळा दोष आम्लाचा नसतो. ते नको त्या ठिकाणी पोचते, हा असतो.

अडसर ढिला का पडतो? पहिले कारण अतिभोजन. जठर तुडुंब ताणले गेले की वरचे कडे पुनःपुन्हा आपोआप सुटते. ढेकर येतो तो याच मार्गाने, आणि ढेकरेच्या वाऱ्याबरोबर आम्लही वर येते. दुसरे कारण तेल-तूप. स्निग्ध अन्न जठरात अधिक वेळ रेंगाळते. तिसरे कारण जेवल्याबरोबर आडवे होणे. उभ्या माणसाच्या पोटातले आम्ल आपल्या भाराने खाली राहते. आडव्या माणसात तो भार उपयोगी पडत नाही. शिवाय झोपेत लाळ कमी सुटते आणि माणूस क्वचितच गिळतो. लाळ ही सौम्य क्षारयुक्त असते. जागेपणी ती घोटाघोटाने अन्ननलिका धुऊन काढते, रात्री हा धोबी कामावर नसतो. म्हणून रात्रीची जळजळ दिवसाच्या जळजळीहून त्रासदायक ठरते.

याखेरीज वाढलेले पोट, कंबरेला करकचून बांधलेला पट्टा, जेवणानंतर वाकून केलेले काम, दारू, धूम्रपान, अधिक चहा-कॉफी, पुदिना, चॉकलेट ही कारणे आहेत. गर्भारपणात शरीरातील द्रव्यांच्या बदलाने हे कडे सैलावते आणि वाढत्या गर्भाचा दाबही पडतो. म्हणून शेवटच्या महिन्यांत कित्येक स्त्रिया जळजळीने बेजार होतात. बाळंतपणानंतर ती बहुधा आपोआप जाते. तिखटाने ज्याला त्रास होतो त्याने तिखट टाळावे. परंतु ज्याला होत नाही त्याने केवळ धाक म्हणून आयुष्यभर अळणी जेवण्याचे कारण नाही.

छत्तीसगडात आणखी एका वस्तूचे नाव घेतले पाहिजे. ती म्हणजे गुडाखू. तंबाखू आणि गुळाची काकवी यांचा हा काळा लगदा सकाळी हिरड्यांवर चोळतात. महाराष्ट्रात मशेरीची जी सवय, तीच येथे गुडाखूची. कोठा साफ होतो, या समजुतीने अनेक बायाबापड्या तिच्या आहारी जातात. तंबाखूतील निकोटीन अन्ननलिकेखालचे कडे सैल करते. तोंडाच्या कर्करोगाचे मोठे भय तर आहेच. परंतु रोज सकाळी गुडाखू लावायचा आणि रोज दुपारी पित्ताची गोळी घ्यायची, हा व्यवहार म्हणजे अडसर स्वतःच्या हाताने काढून मग चोराच्या नावाने ओरडण्यासारखे आहे.

आता उपाय. सर्वांत जुने उपाय औषधांच्या दुकानात नसून मराठी भाषेतच ठेवलेले आहेत. 'शतपावली' हा शब्द घ्या. जेवणानंतर शंभर पावले चालावे, ही रीत. चालणारा माणूस उभा असतो आणि उभ्या माणसाचे आम्ल खाली राहते. 'वामकुक्षी' हा दुसरा शब्द. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. मराठी माणूस दुपारच्या झोपेलाच वामकुक्षी म्हणू लागला आणि डाव्या कुशीचे महत्त्व विसरला. जठराचा मोठा भाग शरीराच्या डाव्या अंगाला असतो. डाव्या कुशीवर झोपले की आम्लाचा साठा खाली आणि अन्ननलिकेचे तोंड वर राहते. उजव्या कुशीवर नेमके उलट होते. अलीकडील संशोधनातही डाव्या कुशीवर झोपणाऱ्यांच्या अन्ननलिकेतील आम्ल लवकर ओसरते, असे आढळले आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात सांगितलेला नियमही याच जातीचा आहे: पोटाचे दोन भाग अन्नाने भरावे, एक पाण्याने आणि चौथा वायूसाठी रिता ठेवावा. पंगतीतील आग्रह नेमका त्या चौथ्या भागावर हल्ला करतो.

यात आणखी काही साध्या गोष्टींची भर घालावी. रात्रीचे जेवण आणि झोप यांत दोन ते तीन तासांचे अंतर असावे. ज्यांना रात्री त्रास होतो त्यांनी पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली विटा ठेवून तो भाग १५ ते २० सेंटिमीटर उंच करावा. केवळ उशा वाढवून भागत नाही. उशांनी मान वर होते, पोट मात्र दुमडते. वजन वाढले असेल तर ते थोडे जरी उतरले तरी फरक जाणवतो. पोट आवळणारे कपडे टाळावे.

छत्तीसगडच्या शेतकऱ्याचा बोरे-बासी हा आहार येथे आठवतो. शिजवलेला भात पाण्यात भिजवून ठेवायचा आणि सकाळी मीठ, कांदा, हिरवी मिरची यांच्याबरोबर खायचा. उन्हाळ्यात हीच न्याहारी. २०२२ च्या कामगारदिनी, १ मे रोजी, राज्यशासनाच्या आवाहनावरून अनेकांनी ती मुद्दाम खाल्ली होती. ती औषध आहे असे म्हणण्याचे कारण नाही, आणि कच्च्या कांद्याने काहींची जळजळ वाढतेही. परंतु तेल नसलेले, भरपूर पाण्याचे अन्न सकाळी खाऊन दिवसभर कामावर उभा राहणारा माणूस आणि रात्री दहा वाजता तळलेले खाऊन आडवा होणारा माणूस, यांतील अंतर लक्षात घेण्यासारखे आहे.

मग सोडा, दूध आणि गोळ्या यांचे काय? खाण्याचा सोडा हा क्षार आहे. आम्लाशी त्याचा संयोग झाला की आम्ल मरते आणि कर्बवायू निघतो; म्हणूनच तो घेताच मोठा ढेकर येतो आणि माणसाला सुटल्यासारखे वाटते. पण त्याच वायूने पोट आणखी ताणले जाते. तुडुंब जेवल्यावर सोडा घेणे धोक्याचे, आणि ज्यांना रक्तदाबाचा, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांना त्यातील सोडियमही बाधक. दुधाविषयी रायपुरात बोलायचे तर दूधाधारी मठाची आठवण होणारच. या मठाचे महंत बलभद्रदास केवळ दुधावर राहत, म्हणून मठाला हे नाव पडले, असे परंपरा सांगते. थंड दुधाचा घोट जळत्या नळीला तात्पुरता सुखवितो, हे खरे. परंतु दुधातील प्रथिने आणि चुना पोचल्यावर जठर नव्याने आम्ल सोडू लागते. रात्री पेलाभर दूध पिऊन लगेच झोपणे हा म्हणून उतारा नव्हे.

औषधांत तीन जाती आहेत. पहिली, तयार आम्ल मारणारी. हिच्यात बहुधा मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियमचे क्षार असतात. गुण मिनिटांत येतो आणि तास-दोन तासांत सरतो. मॅग्नेशियमने जुलाब होऊ शकतात, ॲल्युमिनियमने मलावरोध. कधीमधी होणाऱ्या जळजळीला ही जात पुरेशी असते. दुसरी जात आम्ल तयार होण्याचा इशाराच अडविते. सर जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून निघालेले सिमेटिडीन हे या जातीचे औषध १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये प्रथम विक्रीस आले. १९८८ मध्ये ब्लॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी तिसऱ्या जातीतील ओमेप्राझोल बाजारात आले. ते जठरातील आम्लाचा पंपच बंद करते. ते जेवणापूर्वी सुमारे अर्धा तास घ्यावयाचे असते. जळजळ सुरू झाल्यावर घाईने घेतले तर त्या क्षणी त्याचा उपयोग थोडा. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांना या औषधाने जणू नवे आयुष्य दिले. परंतु हीच गोळी वैद्याला न विचारता महिनोन् महिने घेत राहणे इष्ट नाही. दीर्घकाळ घेऊन एकदम थांबविली तर काही दिवस आम्ल अधिकच उसळते, आणि माणसाला वाटते की गोळीवाचून आपले चालतच नाही. अंगदुखीच्या गोळ्या पोटाला लागतात, म्हणून पित्ताची गोळी, आणि ती आहे म्हणून पुन्हा बिनधास्त अंगदुखीची गोळी, हेही चक्र वेळीच तोडावे.

जळजळ कधीमधी झाली तर वरील उपायांनी भागते. ती आठवड्यातून दोन वेळा किंवा अधिक होऊ लागली, दोन आठवडे औषध घेऊनही हटली नाही, तर वैद्यास दाखवावे. आणि घास अडकू लागला, गिळताना दुखू लागले, उलटीत रक्त आले, शौच डांबरासारखे काळे झाले, कारण नसताना वजन उतरले, अंगात रक्त कमी झाले किंवा उतारवयात हा त्रास प्रथमच सुरू झाला, तर एक दिवसही दवडू नये. या अन्ननलिकेच्या किंवा जठराच्या गंभीर विकाराच्या खुणा असू शकतात. गोळीने त्या झाकल्या जातात, पण विकार वाढतच राहतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी. तात्यापाऱ्यातील ते यजमान पुन्हा एकदा डोळ्यांसमोर आणावे. समजा, या वेळी जेवण साधेच होते. जिना चढताना छातीत जळल्यासारखे, दडपल्यासारखे झाले. कपाळावर थंड घाम आला. डावा हात जड झाला, जबड्यात ओढ बसली, दम लागला. पत्नीने सोडा पुढे केला, एक ढेकर आला, थोडे बरे वाटले आणि सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. येथेच घात होतो. हृदय आणि अन्ननलिका यांच्या संवेदना मज्जारज्जूच्या जवळजवळ त्याच भागात जाऊन पोचतात; त्यामुळे दुःख कोणाचे, हे मेंदूला पुष्कळदा उमगत नाही. ढेकर आला म्हणजे हृदय सुरक्षित आहे, हा समज खोटा आहे. सोड्याने बरे वाटले, हाही पुरावा नव्हे. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात तर हृदयविकाराचा झटका केवळ मळमळ, जळजळ किंवा थकवा असे सौम्य रूप घेऊनही येतो.

अशा वेळी निदान घरात करू नये. श्रमाबरोबर येणारी, घामासहित येणारी, हातात, जबड्यात किंवा पाठीत पसरणारी किंवा काही मिनिटांत न ओसरणारी छातीतील वेदना म्हणजे हृदयाचीच वेदना, असे धरून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रायपुरात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, २०१२ पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आहे. हृदयाचा आलेख काढण्यास काही मिनिटे पुरतात. तपासणीत केवळ पित्त निघाले, तर हसण्याचे कारण नाही. ती सर्वांत आनंदाची बातमी होय. रात्र ओसरीवर काढून सकाळी बघू म्हणणाऱ्यांपैकी काहींना ती सकाळ दिसत नाही.

आग्रह करणाऱ्याने एक पोळी कमी वाढावी, जेवणाऱ्याने पोटाचा चौथा भाग राखावा, मग अंगणात शंभर पावले चालावे आणि पुरेसा वेळ गेल्यावर डाव्या कुशीवर झोपावे. घरातील वडीलधाऱ्यांनी हे सर्व सांगितलेलेच आहे. त्यात एवढीच भर घालावी, की छातीत जळले म्हणजे पित्तच, हा निर्णय सर्वानुमते कधीही करू नये.